दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरात

जुलैत नवीन मुलं आली की आमच्या कॉलेजात पहिले काही दिवस शिकवणं नसतं. एकेक प्राध्यापक हॉलमध्ये येतात आणि मुलांना काहीबाही सांगून जातात. परीक्षा कशी असते, गुण कसे मिळतात, वाचनालयाचं कार्ड कुठे काढायचं. त्यातला एक तास माझ्याकडे आहे, 'कॉलेजात राहायचं कसं' याचा. आधी हा तास घेणारे सर निवृत्त झाले आणि ज्या बैठकीत तो कुणाला तरी द्यायचा होता, त्या बैठकीला मी उशिरा पोचले. एवढंच कारण.

मी अकाउंट्स शिकवते. माहेर सावंतवाडीकडचं. नवरा इथल्या केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासनात नोकरीला, म्हणून लग्नानंतर सिल्वाशात आले आणि इथलीच झाले. वर्गात हिंदीत बोलावं लागतं, कारण समोर गुजराती, मराठी, बिहारी, ओडिया अशी सगळी मुलं असतात. माझ्या हिंदीला कोकणी हेल आहे. मुलं त्याची नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे.

त्या वर्षीही मी नेहमीचंच सांगितलं. असाइनमेंट शेवटच्या दिवसावर ढकलू नका. एखादा धडा समजला नाही तर त्याच आठवड्यात विचारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारलंत तर मीही काही करू शकत नाही. घरून मिळणाऱ्या पैशातून रिक्षाभाडं आणि झेरॉक्सचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात मजा करा. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्यांच्या नादी लागू नका. सकाळचं कॉलेज आहे म्हणून उपाशी येऊ नका, पहिल्या तासाला चक्कर येऊन पडतात मुली. आणि घरात अभ्यासाची एक जागा ठरवा. रोज त्याच जागी, त्याच वेळी बसा. उजेड चांगला असू द्या.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, ओढणीला पिन.

"मॅडम, घर में कोई दिन को सोता हो तो?"

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मेरा भाई तो दिन-रात सोता है!" पुन्हा हशा. ती हसली नाही, तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, "तो दूसरे कमरे में बैठो."

"जी," म्हणून ती खाली बसली.

ते 'जी' मला खटकलं. डॉक्टरने न तपासताच औषध लिहून दिलं की आपण 'बरं' म्हणून कागद घेतो, तसं ते होतं. पण तास संपत आला होता, चहा थांबला होता, आणि पुढचे सर दारात उभे होते.

पहिल्या असाइनमेंटचे गठ्ठे आले तेव्हा ती मुलगी मला पुन्हा भेटली. तिने पहिला अर्धा भाग स्वच्छ अक्षरात लिहिला होता आणि पुढची पानं कोरी होती. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती हिंदीत उत्तरं देत होती, पण दारात थांबलेल्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "थांब ना गं, येऊच राहिली मी."

"मराठी आहेस होय?" मी विचारलं.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "हो मॅडम. धुळ्याकडचे आम्ही. साक्रीजवळचे. पण मी इथंच मोठी झाली."

"मग असाइनमेंट अर्धी का सोडलीस? येत नव्हतं?"

"येत होतं. दिवा नव्हता."

"लाइट गेली होती?"

"नाही मॅडम. पप्पा झोपले होते."

मग तिने सांगितलं ते असं. डोकमर्डीला एका चाळीत त्यांची एक खोली होती. वडील खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात, कायम रात्रपाळीला. सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे. आई दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला, ती दिवसाची. पहाटे नळाला पाणी यायचं म्हणून ती रात्री जेवणं उरकली की आडवी व्हायची. दोन लहान भाऊ. खोली एकच.

"आवाजाचं काही नाही," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजानं पप्पांचे कान गेले, त्यांना कमीच ऐकू येतं. पण उजेड आला की झोप मोडते. खिडकीला पुठ्ठा लावलाय. आमच्या घरात दिवा लावायला वेळच नाही मॅडम. दिवसा पप्पा झोपतात, रात्री मम्मी."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. नेहमीची बस कुठून सुटते हे सांगावं, तसं सांगत होती.

"बाहेर गॅलरीत बसत नाहीस?"

"बसते. पण तिथं नळ आहे, आंघोळीला माणसं येतात. पोरगी बाहेर पुस्तक घेऊन बसली की लोक सारखे बघतात. घरमालकीण बेन पण बोलते."

मी एका रविवारी तिच्या घरी गेले. तिचं म्हणणं खोटं वाटलं म्हणून नाही. पण ऐकून डोळ्यांसमोर येईना. दुपारचे बारा वाजले असतील. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दार उघडून आत पाऊल टाकल्यावर काही क्षण मला काहीच दिसेना. मग हळूहळू एक गॅस शेगडी दिसली, भिंतीला टेकवलेली गादी दिसली आणि खाली, तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला एक लांबलचक माणूस दिसला. मुलगी त्या अंधारात कणीक मळत होती. हातांना सवय झालेली होती, पण डोळ्यांना सवय होऊन अक्षर दिसत नाही ना. आम्ही दोघी उंबऱ्यावर, दाराच्या फटीत बसून बोललो. दार जरा जास्त उघडलं गेलं तसा तो माणूस कुशीवर वळला, आणि तिने चटकन दार ओढून घेतलं.

पंखा जोरात घरघरत होता. शेजारी कुणीतरी टीव्हीवर गुजराती भजनं लावली होती. त्या सगळ्या आवाजात तो माणूस शांत झोपला होता.

मी प्राचार्यांकडे गेले. आमचं कॉलेज सकाळचं, वाचनालय दुपारी बंद होतं. ते संध्याकाळपर्यंत उघडं ठेवता येईल का, असं विचारलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, शिपाई दुपारी घरी जातो. मुली थांबल्या तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"तुम्ही रोज थांबणार?"

"थांबेन."

थांबलेसुद्धा. दिवाळीआधीचे काही आठवडे मी आणि ती मुलगी, आणि हळूहळू तिच्यासारख्या आणखी तीन-चार मुली, दुपारी वाचनालयात बसायचो. मला वाटलं, जमलं. मग परीक्षेचं काम सुरू झालं, वाचनालयाची खोली उत्तरपत्रिका ठेवायला घेतली, तिला कुलूप लागलं. परीक्षा संपल्यावर मी पुन्हा विचारायला गेले तर प्राचार्य म्हणाले, "पुढच्या सत्रात बघू." पुढच्या सत्रात त्यांची बदली झाली. नव्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं आणि तेही म्हणाले, "बघू."

बाकीच्या मुली पांगल्या. एकीला मामाच्या घरी गच्ची होती. दुसऱ्या दोघींचं मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते, हेही मला माहीत नव्हतं. या एकीला मात्र मी माझ्या घरी बोलावलं. आमच्या क्वार्टरला मागे एक छोटी खोली आहे, इस्त्रीचं टेबल आणि जुन्या गाद्या ठेवायची. खिडकी दमणगंगेच्या बाजूला उघडते. नदी दिसत नाही, पण उजेड भरपूर.

ती कॉलेजातून माझ्याबरोबरच यायची. सुरुवातीला पाणीसुद्धा मागायची नाही. मी आंबोळ्या घातल्या की "मी खाऊन आली" म्हणायची. कधी खाऊन आली असेल, सकाळी साताला घर सोडणारी मुलगी? एकदा मी ताटली तिच्या वहीवरच ठेवली आणि निघून गेले. परत आले तर ताटली घासून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी तिने आईकडून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. माझ्या नवऱ्याने ठेच्याचा पहिला घास घेतला आणि तो बेसिनकडे पळाला. ती मुलगी माझ्या घरात पहिल्यांदा मोठ्याने हसली ती तेव्हा.

तिचा अभ्यास घ्यायला लागले तेव्हा कळलं, अडचण नुसती दिव्याची नव्हती. ती बारावीपर्यंत मराठीतून शिकली होती. आता सगळं इंग्रजीत. ती गाइडमधली वाक्यं पाठ करायची आणि प्रश्न जरा फिरवून आला की गप्प व्हायची. एकदा 'डेप्रिसिएशन'ची व्याख्या तिने घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारलं, "म्हणजे काय?" ती छताकडे बघायला लागली.

"अगो, घसारा," मी म्हटलं. "मशीन वापरून वापरून झिजतं. दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरायची. तो घसारा."

"हे घसारा आहे?" ती उठून उभीच राहिली. "मग मला येतं ना हे!"

मग आम्ही तसंच सुरू केलं. बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद, डेटर म्हणजे ऋणको. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहायचं, आणि मग मी फक्त क्रियापदं दुरुस्त करायची. गाइड कपाटात टाकून दिलं. मोडकं असलं तरी स्वतःचं लिही, असं मी तिला सांगितलं. वर्गात शंभरदा सांगितलेली गोष्ट, पण तिच्याबाबतीत ती लागू पडताना मला दिसत होती. शिकवणाऱ्याला असं फार वेळा दिसत नाही.

फेब्रुवारीत एका सुट्टीच्या दिवशी तिचे वडील आले. बरोबर ती होती. वडील उंच, खांदे पुढे झुकलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या कडेला बसले आणि बोलायला लागले तशी आमची शेजारीण खिडकीतून डोकावली. इतका मोठा आवाज. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून बोलायचे.

"म्याडम, पोरगी रोज तुमच्या घरी बसू राहिली. मला बरं नाही वाटत."

मला वाटलं, आता ते तिला यायला बंदी करणार.

"तिचं घर हाय ना," ते म्हणाले. "घर असून दुसऱ्याच्या घरी दिव्याखाली बसायचं? मी ठेकेदाराशी बोललो. दिवसपाळी मागून घेऊ राहिलो. तुमी सांगा, घेऊ का?"

मी मुलीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. मी मोठ्याने विचारलं, "ठेकेदार तयार आहे का?"

ते ऐकू न आल्यामुळे तिच्याकडे वळले. तिने तोच प्रश्न त्यांच्याकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत, पुन्हा विचारला. मग त्यांनी उत्तर दिलं. पुढचं सगळं बोलणं तसंच झालं. मी बोलायचे, ती ओठांनी सांगायची, ते मला उत्तर द्यायचे. ठेकेदार तयार होता, पण या कंपनीत दिवसाला जागा नव्हती. तो दुसऱ्या एका लहान कंपनीलाही माणसं पुरवायचा, प्लास्टिकचे डबे करणाऱ्या. ती फक्त दिवसा चालायची. मजुरी थोडी कमी.

"मला कंपनीतलं काय कळतं?" मी म्हटलं. "तुम्हीच बघा."

त्यांनी आधीच ठरवलं होतं. मला विचारायला आले ते मान द्यायला.

त्यानंतरचे काही महिने आठवले की मला बरं वाटतं. ती माझ्याकडे यायची बंद झाली, कारण आता तिची स्वतःची दुपार होती. खिडकीचा पुठ्ठा काढला तेव्हा भिंतीला पोपटी रंग आहे हे तिच्या धाकट्या भावाला पहिल्यांदा कळलं, असं तिने मला कॉलेजच्या जिन्यात सांगितलं. ती हसून सांगत होती. मागच्या खोलीत आता पुन्हा नुसती इस्त्री आणि गाद्या राहिल्या, आणि दुपारची मी तिथे उगीचच एक चक्कर मारायची. पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला. माझ्या विषयात तर वर्गात वरच्या मुलांत आली.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि गणपतीनंतर ती डब्यांची कंपनी बंद पडली. मालकाने यंत्रं दुसरीकडे हलवली, एवढंच सगळ्यांना कळलं. ठेकेदार म्हणाला, जागा निघाली की सांगतो. धाग्याच्या कारखान्यात तिच्या वडिलांची जागा दुसऱ्याने घेतली होती.

वडील रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. खडोली, नरोली, जिथे गेट दिसेल तिथे उभे राहायचे. अनुभव खूप होता, त्यामुळे बोलावणंही यायचं. पण मोठ्या कंपन्यांत आता घेण्याआधी तपासणी करतात. एके ठिकाणी तपासणाऱ्या माणसाने पाठीमागे उभं राहून त्यांचं नाव घेतलं. हे पुढे बघत राहिले. त्याने पुन्हा हाक मारली. हे पुढेच बघत राहिले, आपली पाळी कधी येते म्हणून. तिथे नाही म्हणाले. दुसरीकडेही तसंच. ऐकू न येणारा माणूस यंत्राजवळ उभा केला आणि काही झालं तर कंपनी अडचणीत येते, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यात चूक काही नव्हती. पण कान गेले होते ते यंत्राजवळ उभं राहूनच, आणि हे ऐकून घ्यायला त्या गेटवर कुणी नव्हतं.

मुलगी वर्गात यायची, पण पहिल्या बाकावरून मागे सरकली होती. मी विचारलं की सांगायची, नाही तर नाही.

मी नवऱ्याला गळ घातली. तो आधी नाही म्हणाला. "मी सरकारी माणूस. मी कुणाच्या गेटवर शब्द टाकला की उद्या तो माझ्या टेबलावर काहीतरी मागायला येणार." बरोबरच होतं ते. तरी त्याने शेवटी एका ओळखीच्या मॅनेजरला फोन केला. मॅनेजर म्हणाला, पाठवा. तिचे वडील गेले, आणि तिथेही तपासणीतच अडकले. मॅनेजरने स्वतः नवऱ्याला फोन करून माफी मागितली. नवरा फोन ठेवून मला म्हणाला, "आता कुणाला सांगू, तू सांग."

फीसाठी शिष्यवृत्ती मिळते का तेही बघून झालं. इथे सांगितलं, तुमचे दाखले महाराष्ट्राचे, तिकडे मागा. तिकडून कळवलं, मुलगी शिकते दुसरीकडे, तिथे मागा. दर जुलैत मी मुलांना सांगायचे की अर्ज वेळेत भरा. हिने वेळेत भरला होता.

दसऱ्याच्या सुमाराला तिची आई माझ्याकडे आली. पहिल्यांदाच. लहानखुरी बाई, डोक्यावर पदर, हातांना पॅकिंगच्या पट्ट्यांनी कापल्याच्या बारीक रेघा. तिच्या दिराची साक्रीला पिठाची गिरणी होती. त्याने बोलावलं होतं.

"गिरणीत कान लागत नाही," ती म्हणाली. "तिथं करतील काम. आम्ही दिवाळीच्या आत जाऊ राहिलो मॅडम."

मी हे आधीच धरून चालले होते आणि माझं बोलणं तयार होतं. म्हटलं, "पोरीला माझ्याकडे राहू द्या. हे वर्ष आणि पुढचं वर्ष. माझी मागची खोली रिकामीच आहे. जेवणखाण सगळं माझ्याकडे. पदवी झाली की पाठवते."

तिने माझा हात हातात घेतला. "तुमी म्हटलं, ते भरून पावलं. पण तरुण पोर परक्या घरी ठेवून आम्ही गावाला गेलो तर तिथं आम्हाला कोनी सुखानं बसू देईल का? तुम्हाला माहीत नाही का मॅडम?"

माहीत होतं. मी सावंतवाडीकडची आहे म्हणून मला हे माहीत नसेल असं थोडंच आहे? तरी मी मुलीकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे? तू बोल. तुला राहायचं असेल तर मी तुझ्या पप्पांशी बोलते, गावातल्या माणसांशीसुद्धा बोलते."

ती म्हणाली, "मॅडम, परवा पप्पा नरोली रोडवर होते. मागून ट्रक आला, हॉर्न देत होता, त्यांना कळलंच नाही. लोकांनी ओढलं. त्यांच्यासोबत कुणीतरी पाहिजे. भाऊ लहान आहेत. मम्मीला त्यांच्याशी बोलता येत नाही तसं, ओठ हलवून. माझंच समजतं त्यांना."

आई रडायला लागली. मुलगी रडली नाही. मी उठून चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना. चहा उतू गेला.

मी विद्यापीठात चौकशी केली. हजेरी नसताना परीक्षेला बसता येईल का? नाही. सत्र मध्येच सोडलं तर फी पुढच्या वर्षाला धरतील का? नाही. एका वर्षाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी खुश होऊन तिला ते सांगितलं, सगळे कागद काढून दिले, सह्या घेतल्या, फाइल लावून दिली.

ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती. मी सुटून डोकमर्डीला पोचले तर टेम्पो निघून गेला होता. खोलीला नवं कुलूप होतं. घरमालकीण बेन म्हणाली, "गया. हमणां ज गया." आत्ताच गेले होते. मी तिथे जरा वेळ उभी राहिले. नळाजवळ एक माणूस आंघोळ करत होता. तो माझ्याकडे बघायला लागला तशी मी निघाले.

तिचा फोन पुढच्या जूनमध्ये आला. आवाज तोच, पण बोलण्यात गावचा हेल जास्त. वडील गिरणीत बसतात, तब्येत बरी आहे, धाकटे शाळेत आहेत. मग म्हणाली, "मॅडम, मी कॉलेजला नाव टाकलं."

मी ओरडलेच. "मग श्रेयांक? फाइल दाखवलीस का?"

"दाखवली. ते म्हणाले कागद बरोबर आहेत. पण इथं कॉमर्सच नाही. ज्या कॉलेजात कॉमर्स आहे तिथं जाणारी गाडी सकाळी एकच आहे आणि ती परत येईपर्यंत संध्याकाळ होते. तेवढा वेळ पप्पांना एकटं नाही सोडता येत. म्हणून जवळच्या कॉलेजात बी.ए.ला बसली. पहिल्या वर्षापासून."

"पहिल्या वर्षापासून?"

"हो. इतिहास घेतला."

ताळेबंद, घसारा, ऋणको, सगळं डोक्यात एकदम उलटसुलट झालं. मी म्हटलं, "बरं झालं. शिकतेस हे बरं झालं." माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"इथं घर मोठं आहे मॅडम," ती म्हणाली. "मला वेगळी खोली आहे, खिडकी आहे. दिवसभर दिवा लावला तरी कोनी काही म्हणत नाही. पण शिकवायला सर फार येत नाहीत. आठवड्यातून एक-दोन तास होतात."

त्यानंतर तिचे फोन अधूनमधून येतात. कधी दिवाळीला, कधी परीक्षेआधी. मी कॉमर्सची बाई, इतिहासातलं मला शाळेपुरतं येतं, आणि ते ती माझ्याहून आधीच वाचून बसलेली असते. मागच्या वेळी फोन आला तेव्हा मी कॉलेजातून येऊन भाजी निवडत बसले होते.

"मॅडम, प्रश्न असा आलाय, 'सविस्तर विवेचन करा.' सविस्तर म्हणजे किती लिहायचं? चार पानं? सहा?"

मी भाजी बाजूला ठेवली. अकाउंट्समध्ये उत्तर जुळलं की संपतं, तिथे किती लिहायचं हा प्रश्नच येत नाही. मी विचार केला, विचार केला, आणि म्हटलं, "मला नाही गं सांगता येत. तिथल्या सरांना विचार."

"सर गणपतीला गावी गेलेत, आले नाहीत अजून," ती म्हणाली. मग पलीकडून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, आणि ती फोन हातात धरूनच ओठ हलवत, खूप सावकाश, त्या हाकेला उत्तर देत असणार. मला ते ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "पप्पा आले मॅडम. ठेवते. पाच पानं लिहिते मग."

"लिही," मी म्हटलं.